रुंद माल आणि लांब आरसा

महोत्सवाच्या स्मरणिकेत आरशावर लेख कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल, आणि तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. स्मरणिकेत संस्थापकांचे स्मरण असावे, देणगीदारांची नामावली असावी, विद्यार्थ्यांचे कौतुक असावे, हे सर्व योग्यच आहे. परंतु आपला न्यास ज्या कुटुंबांच्या बळावर उभा राहिला, त्यांपैकी कितीतरी कुटुंबांचा चरितार्थ या ना त्या रीतीने रस्त्यावर अवलंबून आहे. कोणाचा संत्र्याचा बगीचा आहे, कोणाचा कापसाचा व्यापार आहे, कोणाच्या दारी स्वतःची मालमोटार उभी असते, तर कोणाचा मुलगा दुसऱ्याच्या मालमोटारीवर चालक आहे. आणि ज्यांचा यांपैकी कशाशीही संबंध नाही, त्यांची मुले सायकलवरून त्याच रस्त्याच्या कडेने शाळेत जातात. तेव्हा रस्त्यावरील सुरक्षिततेचा विषय आपल्या घरचाच आहे, असे समजून आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

विषय लहान आहे. मालमोटारीवर तिच्या केबिनपेक्षा रुंद माल लादला, की नेहमीचे बाजूचे आरसे निरुपयोगी होतात. अशा वेळी लांब दांड्याचे आरसे लावावे लागतात. ते का लावावे, कसे लावावे, आणि लावल्यावरही कोणते काम उरते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आपले रस्ते आणि आपला माल

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. त्यामुळे पांढुर्णा आणि सौंसर हे मराठी बोलणारे तालुके राज्याच्या सीमेवर आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. सीमा कागदावर कोठेही असो, आपला व्यवहार मात्र पूर्वीपासून नागपूरशी आहे. नागपूरकडून सावनेरवरून येणारा मोठा रस्ता पांढुर्ण्यावरून मुलताई व बैतूलकडे जातो. त्याचा क्रमांक पूर्वी ६९ होता, आता ४७ आहे. सावनेरहून फुटून सौंसरवरून छिंदवाड्याकडे जाणारा दुसरा रस्ता आज ५४७ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना वाटेत सिल्लेवानीचा घाट लागतो, हे सर्वांना ठाऊकच आहे.

या रस्त्यांवर तीन तऱ्हांचा रुंद माल दिसतो. पहिला शेतीचा. कुटार, कडबा आणि मोकळा कापूस हा माल वजनाला हलका, पण आकाराला मोठा. जाळी वा ताडपत्री बांधून तो रचला, की दोन्ही अंगांनी असा फुगतो की समोरून केवळ केबिनचे नाक दिसते. दुसरा माल म्हणजे शेतीची व बांधकामाची यंत्रे. गव्हाच्या कापणीच्या हंगामात पंजाबकडून येणारे हार्वेस्टर आणि खोदकामाची पोकलेन यंत्रे ट्रॉलीवर चढवून नेतात. त्यांची चाके किंवा पट्टे ट्रॉलीच्या काठाबाहेर डोकावतात. तिसरा माल कारखान्यांचा व वीजकेंद्रांचा. आपल्या उत्तरेस बैतूल जिल्ह्यात सारणीचे औष्णिक वीजकेंद्र आहे, आणि दक्षिणेस नागपूरजवळ कोराडी व खापरखेडा येथील केंद्रे आहेत. अशा केंद्रांना लागणारी रोहित्रे आणि मोठे यंत्रभाग तोडून नेता येत नाहीत. ते अखंडच न्यावे लागतात, व त्यासाठी पुष्कळ चाकांच्या सखल ट्रॉल्या वापरतात.

त्याच रस्त्याच्या कडेने बैलगाडी चालते, मोटारसायकलवर नवराबायको आणि मधे पोर बसून बाजाराला जाते, जामसावळीच्या हनुमंताच्या दर्शनाला लोक पायी निघतात. पोळ्याला सजविलेले बैल रस्त्यावर असतात, आणि दुसऱ्या दिवशी जाम नदीवरच्या गोटमारीला गावोगावची माणसे लोटतात. रुंद मालाच्या गाडीला ही सारी माणसे दिसली पाहिजेत. न दिसलेल्या माणसाची काळजी चालकाने कितीही मनात आणली तरी घेता येत नाही.

मोटारीला आरसा कसा आला

हातच्या कांकणाला आरसा नको असतो, पण पाठीमागून येणाऱ्याला पाहावयाचे तर आरशावाचून गत्यंतर नाही. असे असूनही प्रारंभीच्या मोटारींना आरसा नव्हता. १९०९ साली डोरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारचालक बाईंनी स्त्रियांसाठी मोटार चालविण्याचे एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी सल्ला दिला की हातात धरावयाचा छोटा आरसा गाडीत ठेवावा आणि मागचे पाहावयाचे असेल तेव्हा तो वर धरावा.

पुढे दोनच वर्षांनी, १९११ च्या मे महिन्यात, अमेरिकेत इंडियानापोलिस येथे पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. इतर स्पर्धकांच्या शेजारी मागचे पाहून सांगणारा एक मेकॅनिक बसत असे. रे हॅरून हा स्पर्धक मात्र एकटाच बसला, आणि त्या मेकॅनिकच्या जागी त्याने गाडीवर एक आरसा बसविला. शर्यत त्यानेच जिंकली. गंमत अशी की, विटांच्या त्या खडबडीत मार्गावर आरसा इतका थरथरत होता की त्यात काही धड दिसतच नव्हते, अशी कबुली त्याने पुढे दिली.

ही गोष्ट आम्ही केवळ मनोरंजनासाठी सांगितली नाही. आपल्या क्लीनरचे कामही त्या मेकॅनिकसारखेच आहे. डाव्या दाराशी उभा राहून तो मागचे पाहतो, दारावर थाप मारतो आणि ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणून ओरडतो. आरसा त्याच्या मदतीला आला आहे. आणि थरथरणारा आरसा म्हणजे नसलेला आरसा, हा हॅरूनचा अनुभव लांब दांड्याच्या आरशाला तर फारच लागू पडतो. त्याचा विचार पुढे येईलच.

माल आड आला म्हणजे काय होते

आता थोडा हिशोब करू. शाळेत शिकलेले समरूप त्रिकोण येथे उपयोगी पडतात.

समजा, मालमोटारीची केबिन २.४ मीटर रुंद आहे आणि तिच्यावरचे यंत्र ३.६ मीटर रुंद आहे. म्हणजे प्रत्येक बाजूला यंत्र केबिनच्या ६० सेंटिमीटर बाहेर आले. नेहमीच्या आरशाचा मध्य केबिनच्या २० सेंटिमीटर बाहेर असतो असे धरले, तर यंत्राची कड आरशाच्याही ४० सेंटिमीटर बाहेर गेली. यंत्र आरशाच्या मागे १.६ मीटरवर सुरू होते असे धरा. आरशातून मागे जाणारी नजर यंत्राच्या त्या पुढच्या कोपऱ्याला टेकून तिरपी बाहेर जाणार. १.६ मीटर मागे गेल्यावर ती ४० सेंटिमीटर बाहेर सरकते, म्हणजे दर चार मीटर मागे एक मीटर बाहेर.

याचा अर्थ असा की, आरशापासून ८ मीटर मागे, जेथे यंत्राची शेपटी असेल, तेथे यंत्राच्या कडेला लागून १.६ मीटर रुंदीचा पट्टा चालकाला दिसत नाही. मोटारसायकलच्या हँडलची रुंदी मीटरभरही नसते. तेव्हा मोटारसायकलस्वार, सायकलवरचा मुलगा किंवा पायी चालणारी बाई त्या पट्ट्यात पूर्णपणे मावते. आरशापासून २० मीटर मागे हाच न दिसणारा पट्टा ४.६ मीटर रुंद होतो. तेथे आख्खी मोटारगाडी लपून राहू शकते.

चालकाच्या दृष्टीने पाहिले तर आरसा जागच्या जागी आहे, काच स्वच्छ आहे, आणि त्यात रस्ताही दिसतो आहे. तो रस्ता कोणाचा, तर गाडीपासून दूरवरचा. जवळचा जो पट्टा पाहावयाचा, तोच त्यात नाही. आरसा फुटलेला असला तर चालक सावध तरी राहतो. येथे त्याला आपण पाहिले असे वाटते, आणि प्रत्यक्षात पाहिलेले नसते. या प्रकारातला मोठा धोका हाच आहे.

उपाय सरळ आहे. आरशाचा मध्य मालाच्या कडेच्या बाहेर गेला पाहिजे, आणि तोही बरोबर कडेवर न ठेवता सुमारे १५ सेंटिमीटर पलीकडे. वरील उदाहरणात म्हणजे आरसा केबिनपासून ७५ सेंटिमीटर बाहेर आणावा लागेल. मग मालाची कड आरशाच्या आतल्या काठाला एका रेघेसारखी दिसते आणि उरलेला सर्व आरसा रस्त्यासाठी मोकळा राहतो.

सपाट काच आणि फुगीर काच

दांडा लांब केला की दुसरी अडचण उभी राहते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजवा आरसा त्याच्या डोळ्यांपासून साधारण ८० सेंटिमीटरवर असतो, तर डावा सव्वादोन ते अडीच मीटरवर. दोन्हीकडे २० सेंटिमीटर रुंदीची सपाट काच लावली, तर ढोबळ हिशोबाने २० मीटर मागे उजव्या आरशात सुमारे ५ मीटर रुंदीचा रस्ता दिसतो आणि डाव्या आरशात जेमतेम २ मीटरचा. दांडा लांबविला की डावा पट्टा आणखी अरुंद होतो. आणि मोटारसायकली घुसतात त्या बहुधा डावीकडूनच.

म्हणून डावीकडे फुगीर काच लावतात. फुगीर काच पुष्कळ रुंद दाखविते, पण त्याचे मोल घेते. तिच्यात वस्तू लहान दिसते, आणि लहान दिसली की दूर वाटते. काचेच्या फुगवट्याची त्रिज्या १२०० मिलिमीटर असेल, तर २० मीटर मागची मोटार उजव्या आरशात सुमारे ४७ मीटरांवर असावी इतकी लहान दिसते. डाव्या आरशात, तो डोळ्यापासून आणखी दूर असल्यामुळे, तीच मोटार शंभर मीटरांवर असल्यासारखी दिसते. सपाट आरशाची सवय असलेला चालक अशा आरशात पाहून ‘अजून पुष्कळ लांब आहे’ असे समजेल आणि गाडी वळवील, तर अनर्थ होईल. यासाठी नव्या आरशाची गाडी चालकाने प्रथम मोकळ्या जागी चालवून डोळ्यांना सवय लावावी, हे उत्तम.

संयुक्त राष्ट्रांच्या ज्या ४६ व्या नियमावलीला युरोपातील देश मानतात, तिच्यात मालमोटारीच्या मुख्य आरशाच्या फुगवट्याची त्रिज्या १२०० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, असे आहे. रुंद दृश्य दाखविणाऱ्या जादा आरशाला ही मर्यादा ३०० मिलिमीटर आहे. बाजारात मिळणारा छोटा, गोल आणि फार फुगीर आरसा हा एकटा पुरेसा नाही, हे यावरून ध्यानात येईल. तो मुख्य आरशाच्या खाली, त्याचा सोबती म्हणूनच लावावा. मोठ्यात अंतर पाहावे, लहानात कोण जवळ आहे ते पाहावे.

दांडा कसा बसवावा

लांब आरसा तीन तऱ्हांनी बसवितात. पहिली तऱ्हा म्हणजे मूळच्या ब्रॅकेटमध्ये जोडतुकडा घालून आरसा बाहेर काढणे. दुसरी म्हणजे मूळ आरसा तसाच ठेवून केबिनवर स्वतंत्र दांडा बसविणे. तिसरी म्हणजे एकात एक सरकणारे दोन पाईप वापरणे. माल असेल तेव्हा आतला पाईप ओढून बाहेर काढावयाचा, गाडी रिकामी झाली की आत ढकलावयाचा. ज्यांना रुंद माल कधीमधीच न्यावयाचा असतो, त्यांना ही तिसरी तऱ्हा सोयीची. कोणतीही तऱ्हा घ्या, पण पुढील गोष्टी सांभाळा.

पहिली गोष्ट दांड्याच्या मजबुतीची. एका टोकाला पकडलेला दांडा दुप्पट लांब केला, तर तितक्याच जोराने त्याचे टोक आठपट वाकते. लांबीचा घन होतो, हे इंजिनीयर मंडळी जाणतातच. म्हणून एकेरी सळई लावू नये. वर एक आणि खाली एक, अशा दोन ठिकाणी पकडलेली कमान असावी, आणि शक्य तर तिला एक तिरपा आधार द्यावा. आरसा एक अंश हलला की त्यातली नजर दोन अंश फिरते, आणि २० मीटर मागचे दृश्य सुमारे ७० सेंटिमीटर सरकते. खड्ड्यांच्या रस्त्यावर असा आरसा चालकाला केवळ झगमगाट दाखवील.

दुसरी गोष्ट जागेची. दाराचा पत्रा पातळ असतो आणि दाराच्या बिजागऱ्या जुन्या गाडीत सैल झालेल्या असतात. दारावर बसविलेला लांब दांडा दाराबरोबर खडखडतो. शक्य असेल तेथे तो केबिनच्या खांबावर घ्यावा. पत्र्यावरच घेणे भाग असेल, तर आतून जाड पट्टी द्यावी, म्हणजे बोल्टचा ताण एका भोकावर न येता पसरतो. बोल्टला स्प्रिंग वॉशर किंवा लॉक नट घालावा.

तिसरी गोष्ट उंचीची. आरसा जितका बाहेर, तितका तो दुसऱ्याच्या डोक्याला लागण्याचा संभव अधिक. वर सांगितलेल्या युरोपीय नियमावलीत असे आहे की, लादलेल्या गाडीच्या आरशाची खालची कड जमिनीपासून २ मीटरपेक्षा खाली असेल, तर तो आरसा गाडीच्या रुंदीबाहेर २५० मिलिमीटरपेक्षा जास्त येऊ नये. आपणही एवढे पथ्य पाळावे. लांब आरशाची खालची कड उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर असावी.

चौथी गोष्ट, दांड्याला मोडावयाचे नसते, मुडपावयाचे असते. फांदीला, खांबाला किंवा दुसऱ्या गाडीला आरसा लागला, तर त्याने मागे दुमडले पाहिजे. पूर्ण वेल्डिंग केलेला दांडा मजबूत दिसतो खरा, पण धडकेच्या वेळी समोरच्याच्या अंगात शिरतो. जोडाचा नट इतकाच आवळावा की वाऱ्याने आरसा फिरणार नाही, पण दोन्ही हातांनी जोर लावला तर दुमडेल.

पाचवी गोष्ट, डावा आरसा काचेतून कोठे दिसतो ते पाहावे. समोरच्या काचेतून पाहावयाचा असेल, तर वायपर जेवढी काच पुसतो तेवढ्यातच तो दिसला पाहिजे. नाही तर आषाढातल्या पावसात त्याचा उपयोग नाही. आणि आरशाच्या टोकाला पुढच्या बाजूने चमकपट्टी लावावी, म्हणजे रात्री समोरून येणाऱ्याला गाडीची खरी रुंदी कळते.

बसविल्यावर परीक्षा

आरसा बसविला म्हणजे काम संपले असे नाही. त्याची परीक्षा माल लादलेल्या स्थितीत घ्यावी, कारण रिकाम्या गाडीवर सगळेच आरसे चांगले दिसतात. सपाट, मोकळी जागा निवडावी. मंडीचे आवार सकाळच्या वेळी रिकामे असेल तर फारच छान.

विलायतेत मोटारीमागे रुंद कॅराव्हॅन ओढणाऱ्यांना एक नियम आहे. चालकाच्या मागे २० मीटरवर, कॅराव्हॅनच्या कडेपासून ४ मीटर रुंदीचा भाग आरशात दिसला पाहिजे. हा आकडा आपल्या परीक्षेला सोयीचा आहे. चालकाच्या जागेपासून २० मीटर मागे खडूने किंवा चुन्याने आडवी रेघ मारावी. मालाच्या कडेच्या सरळ रेषेत एक खूण करावी आणि तेथून बाहेर ४ मीटरवर दुसरी. चालकाने नेहमीसारखे आसनावर बसावे. दुसऱ्याने पहिल्या खुणेवर उभे राहून हळूहळू बाहेर चालावे. चालकाला तो पहिल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत सतत दिसला, तर आरसा बरोबर. मधे कोठे नाहीसा झाला, तर आरसा फिरवावा, आणि फिरवून भागत नसेल तर दांडा आणखी बाहेर घ्यावा.

यानंतर एक सायकल मागच्या चाकाशेजारी, मालाच्या कडेला लागून उभी करावी. ती छोट्या फुगीर आरशात दिसली पाहिजे. ही दुसरी परीक्षा बहुतेक जण विसरतात, आणि शाळेतल्या मुलाची जागा नेमकी तीच असते. परीक्षा दोन्ही बाजूंची घ्यावी. सारे मिळून पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे.

कायदा काय म्हणतो

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. लांब आरसा लावला म्हणजे रुंद माल नेण्याची मुभा मिळाली, असे नव्हे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९३ व्या नियमाप्रमाणे मोटारगाडीची एकूण रुंदी २.६ मीटरपेक्षा अधिक असता कामा नये. ही रुंदी मोजताना मागचे दाखविणारा आरसा धरावयाचा नाही, असे त्याच नियमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. तेव्हा ‘आरशामुळे गाडी रुंद भरेल’ ही भीती निराधार आहे. मालाची गोष्ट मात्र वेगळी. मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमात २०१९ साली जी सुधारणा झाली, तिच्याप्रमाणे माल गाडीच्या बाजूंच्या बाहेर, अथवा पुढे, मागे वा उंचीत मर्यादेबाहेर आला तर वीस हजार रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्च द्यावा लागतो, आणि माल नीट रचल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाहीत. सक्षम अधिकाऱ्याने सूट दिली असेल तर गोष्ट निराळी.

यातून व्यवहाराचा विवेक निघतो. रोहित्र किंवा पोकलेन तोडून नेता येत नाही, म्हणून त्यासाठी परवानगी घ्यावी, लाल निशाण, दिवे आणि पुढे-मागे सूचना देणारी गाडी असा सारा सरंजाम करावा, आणि लांब आरसे तर लावावेच. कुटार आणि कापूस यांचे तसे नाही. ते दोन खेपांत नेता येतात. दुसऱ्या खेपेचे डिझेल वाचविण्यासाठी माल बाहेर फुगवावयाचा आणि लांब आरसा लावून मन शांत करावयाचे, हा आरशाचा उपयोग नव्हे. माल गाडीच्या अंगात बसवावा, हाच तेथे पहिला उपाय. गाडीचा मालक, माल भरणारा व्यापारी आणि चालक या तिघांत दोष चालकावर ढकलला जातो, पण खेप किती भरावयाची हे बहुधा पहिले दोघे ठरवितात. आपल्या समाजात हे पहिले दोघेही आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

आरशाला जे दिसत नाही

शेवटी आरशाच्या मर्यादा. बाजूचे आरसे गाडीच्या थेट पाठीमागचे दाखवीत नाहीत, आणि नाकासमोरचे, बंपरला लागून उभे असलेले मूलही दाखवीत नाहीत. गाडी मागे घेताना क्लीनरने खाली उतरलेच पाहिजे. वळणावर मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून जातात, म्हणून डावे वळण घेताना आरसा एकदा पाहून चालत नाही, वळण संपेपर्यंत पाहावा लागतो. घाटात माल कलतो, दोर ढिले होतात आणि सकाळी आत असलेली कड दुपारी बाहेर येते. सिल्लेवानी चढण्यापूर्वी थांबून एकदा फेरी मारली, तर पाच मिनिटे जातील, दुसरे काही जाणार नाही. गाडी रिकामी झाली की लांब आरसे आत घ्यावेत. बाजारपेठेतल्या अरुंद रस्त्यावर बाहेर राहिलेला दांडा हा स्वतःच एक रुंद माल होतो.

आता कॅमेरे आले आहेत. काही नव्या गाड्यांत आरशाऐवजी पडदा असतो, आणि त्याला युरोपातील नियमांनीही मान्यता दिली आहे. ते चांगलेच आहे. तथापि आपल्या धुळीत कॅमेऱ्याचे भिंगही पुसावे लागते आणि आरशाची काचही पुसावी लागते. पुसणारा हात आणि पाहणारा डोळा यांची गरज कोठेच टळत नाही.

न्यासाच्या कार्यकर्त्यांपुढे आम्ही एक साधी सूचना ठेवतो. वर्षातून दोन दिवस, एक कापसाच्या हंगामापूर्वी आणि एक गव्हाच्या कापणीपूर्वी, एखाद्या मोकळ्या आवारात आरसे तपासण्याचा कार्यक्रम ठेवावा. लागेल ते सामान म्हणजे चुन्याची पिशवी, मोजपट्टी, एक सायकल आणि दोन पाने. आपल्यातलाच एखादा वेल्डर बंधू व एखादा जुना जाणता चालक बोलवावा. चालकाला शक्य तर केबिनमधून उतरवून खुणेवर उभे करावे आणि त्याच्या मुलाला किंवा पत्नीला आसनावर बसवून विचारावे, ‘बाबा दिसतात का?’ ते दिसले नाहीत, तर पुढे कोणाला काही समजावून सांगावे लागणार नाही.

औषधोपचार, शिष्यवृत्ती, अन्नदान ही न्यासाची कामे मोठी आहेत, आणि ती वाढावीत. पण अपघात झाल्यावर केलेल्या मदतीपेक्षा तो होऊ नये म्हणून केलेली खटपट स्वस्त पडते, आणि तिच्यात कोणाच्या घरी रडारड होत नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. रुंद मालाच्या बाबतीत ठेच मागच्यालाच लागते, म्हणून पुढच्याने शहाणे व्हावयाचे आहे. या महोत्सवी वर्षात आपल्या परिसरातून निघणारी प्रत्येक मालमोटार आपल्या शेजारून चालणाऱ्याला पाहून चालो, अशी सदिच्छा व्यक्त करून आम्ही वाचकांची रजा घेतो.